दिपाली कंडक्टरच्या नवऱ्याचं सिबिल

होळीच्या सुमारास उमरखेड-यवतमाळ गाडीत एक बातमी पसरली, ती अशी: दिपाली कंडक्टरच्या नवऱ्याला सिकल निघालं. बँकेवाल्यांनी सांगून टाकलं, असल्या माणसाला घर देत नाही. तरी ती बाई म्हणते, घर घेईन तर ह्याच्यासंगंच.

बातमीचा उगम मागच्या लांब सीटवर, भागीरथाबाईपाशी. ही भागीरथाबाई आर्णीला चढते, भाजीच्या दोन टोपल्या सीटखाली सरकवते आणि यवतमाळ येईपर्यंत पूर्ण गाडीची खबर घेते. तिनं शेजारणीला सांगितलं, "रक्तच खराब हाय म्हणते वं माय नवऱ्याचं. म्या माह्या कानानं ऐकलं."

ऐकलं हे खरं. पण तिचा कान आणि दिपालीचा फोन ह्यांच्या मधात पूर्ण गाडी होती, इंजिन होतं आणि खिळखिळ्या काचा होत्या. दिपाली पुढे ड्रायव्हरच्या मागं उभी राहून, एका कानात बोट घालून, बँकेतल्या साहेबाशी बोलत होती: "हाव साहेब, माहं चांगलं हाय. मिस्टरचंच खराब हाय. हाव, सिबिल. सिबिल खराब हाय. मंग आता खराब हाय तं काय सोडून देऊ काय त्यायले?"

तर ते सिकल नव्हतं, सिबिल होतं. सिबिल म्हणजे माणसानं घेतलेलं कर्ज कसं फेडलं, त्याचे मार्क. सिकल म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्या भागात शाळेतल्या पोरांचीही बोटं टोचून तो तपासतात, कार्ड देतात, लग्न जुळवताना लोक ते कार्ड मागतात. सिबिल हा शब्द मात्र कालपरवा आला. त्यामुळे 'सि' ऐकू आलं की पुढचं 'कल' आमचे लोक स्वतःच जोडून घेतात.

दुसऱ्या दिवशी उतरताना भागीरथाबाईनं दिपालीच्या हातात बीटाची जुडी दिली.

"नवऱ्याले देजो बाई. सुधारते."

दिपालीच्या डोक्यात तेव्हा सिबिलशिवाय दुसरं काही नव्हतं. ती म्हणाली, "बीटानं कसं सुधारन वं माय?"

"सुधारते. माह्या भाच्याचं सुधारलं."

"बँकेनं मानलं?"

"बँक कायले मानते. डोळ्यानं दिसते नं. तोंडावर लाली येते."

दिपालीनं घंटीची दोरी दोनदा ओढली. म्हातारी बिचारी जीव लावते, एवढाच तिनं अर्थ काढला आणि संध्याकाळी बीटाची भाजी केली. पुढच्या आठवड्यात डाळिंबं आली, शेवग्याचा पाला आला, महागावच्या एका मास्तरणीनं गुळशेंगदाण्याचे लाडू दिले. दिपालीला वाटलं, होळीचे दिवस आहेत, लोक खुशीत आहेत.

आता ही दिपाली कशी आहे ते सांगायला पाहिजे. कंडक्टरला गाडीत स्वतःची सीट असते. तिच्या सीटवर तिची बॅग बसते. ती स्वतः उमरखेडपासून यवतमाळपर्यंत उभी. मशीनमधून तिकिटं काढत मागं जाते, परत पुढं येते, कोणाचं पोट्टं रडत असलं तर त्याला खिडकीशी सरकवते, कोणाची टोपली आडवी असली तर उभी करते. तिकिटं संपली तरी चालणं संपत नाही. घरीही ती उभ्यानंच जेवते. पहाटेच्या ड्युटीला निघण्याआधी तिला खोलीतल्या खोलीत चकरा मारायची सवय आहे आणि ह्या चकरांपायी तिनं आणि बंटीनं भाड्याच्या कितीतरी खोल्या बदलल्या. सगळ्या वरच्या मजल्यावरच्या. खालून घरमालक काठीनं छत ठोकायचे. एक घरमालकीण तर म्हणाली होती, "बाई, तुम्ही झोपता कव्हा? आमच्या डोक्यावर रातभर गाडी चालते."

म्हणून बबनराव गुरुजींचं घर पाहायला गेली तेव्हा तिनं नळ पाहिला नाही, स्लॅब पाहिला नाही, बोअरला पाणी किती हेही विचारलं नाही. उमरखेडच्या नव्या ले-आउटमधलं, तळमजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर. रिकाम्या हॉलमध्ये ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. परत आली. पाय आपटून पाहिला.

"खाली कोणी नाही," ती बंटीला म्हणाली.

तिथंच इसार दिला. पाडव्यापर्यंत बँकेचं काम करून रजिस्ट्री करायची असं ठरलं. गुरुजी रिटायर झालेले, नागपूरला मुलाकडे जायचं होतं, घाईत होते. दुसरं गिऱ्हाईकही दारात उभं होतं.

बंटी म्हणजे तिचा नवरा. आता जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचं आणि कूलर दुरुस्तीचं काम करतो, पण आधी 'बंटी साउंड' होता. लग्नाच्या वरातीत त्याचे बेस वाजले की गल्लीतल्या घरांची भांडी मांडणीवरून खाली येत. त्या सामानासाठी त्यानं फायनान्सचं कर्ज घेतलं होतं. मग एसटीचा लांब संप झाला, दिपालीचा पगार बंद पडला. बंटीनं हप्ते थांबवले आणि त्या पैशात घर चालवलं. संप मिटल्यावर फायनान्सचा वसुलीवाला आला आणि म्हणाला, थोडे भरा आणि मामला सेटल करून टाका. बंटीनं भरले. घरी येताना पेढे आणले.

"काय झालं?" दिपालीनं विचारलं.

"सेटल झालो," बंटी म्हणाला.

आमच्याकडे हा फार मोठा शब्द आहे. पोरगी द्यायची असली की पहिला प्रश्न तोच, पोरगा सेटल हाय काय. तेव्हा बँकेत दोघं शेजारी बसले असताना साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहून तोंड वाकडं केलं, तर बंटीला कळेचना. साहेब पुण्याकडचे. बोलताना प्रत्येक वाक्याच्या आधी जरा थांबतात.

"बेसिकली मॅडम, मिस्टरांच्या नावापुढे सेटल्ड दाखवतंय."

"हाव, सेटलच हाय," बंटी खुशीत म्हणाला.

"ते चांगलं नसतं."

"काय चांगलं नसते?"

"सेटल्ड असणं. क्लोज्ड पाहिजे. सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण भरलं नाही, कंपनीनं नाइलाजानं सोडून दिलं."

बंटीनं वाकून कॉम्प्युटरमध्ये स्वतःच पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, माहा बाप मरेस्तोवर मले सेटल हो, सेटल हो करून राह्यलता. अन् झालो तं तुम्ही असं म्हणता."

साहेबांचा उपाय सोपा होता. मिस्टरांचं नाव काढा. घर मॅडमच्या एकटीच्या नावावर, कर्जही एकटीच्या. मॅडमचं सिबिल झकास, फाइल लगेच होईल. दोघांची नावं घरावर हवी असतील तर दोघांनाही कर्जात यावं लागेल, आणि मिस्टर आले की फाइल अडकेल.

बंटीनं तिथंच होकार भरला. घरी आल्यावर म्हणाला, "काढून टाक माहं नाव. राहू तं देशीन नं घरात?"

दिपाली चकरा मारत होती. खालून काठी वाजली. ती थांबली नाही.

"तुम्ही गाडीत चढाच्या आधी काय करता?"

"काय करतो?"

"खिडकीतून रुमाल टाकता सीटवर."

"सगळेच टाकते."

"अन् माह्या गाडीत रुमालवाल्याले काय करा लागते?"

"उठा लागते," बंटी म्हणाला. त्याला तिनं स्वतःच एकदा उठवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, भर गाडीत.

"संपात घर कोणं चालवलं? त्याच्यापायीच तुमचं सिबिल गेलं नं? म्हणजे तिकीट काढलेलं हाय तुम्ही. अन् आता रुमालावर बसतो म्हणता. माह्या घरात स्टँडिंग पॅसेंजर नाही पाहिजे मले."

"बायायले अर्धं तिकीट असते," बंटी म्हणाला. "मंग माहंच फुल झालं."

"झालं नं. मंग बसा फुल सीटवर."

त्यानंतर हालचाल सुरू झाली. बंटीच्या साउंडचे शेवटचे दोन बेस खोलीत होते. त्यांच्यावर फळी टाकून दिपाली गॅस ठेवायची. ते दिग्रसच्या एका पोरानं नेले, गॅस जमिनीवर आला, आणि फायनान्सवाल्यांनी सोडलेली रक्कम बंटीनं पूर्ण भरून बंद झाल्याचं पत्र घेतलं. साहेब म्हणाले, छान. पण बेसिकली पत्रावर चालत नाही, सिबिलमध्ये क्लोज्ड दिसलं पाहिजे. कधी दिसेल? प्रोसेसमध्ये आहे.

पाडवा डोक्यावर आला तरी प्रोसेसमध्येच होतं. गाडी स्टँडवर लागली की दिपाली फोन लावायची. महागावला प्रोसेसमध्ये, आर्णीला प्रोसेसमध्ये, यवतमाळला साहेब जेवायला गेलेले. घाटंजीच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला तिनं उमरखेडची तिकिटं काढून दिली. सुटे पैसे दोनदा दिले. जलालभाई ड्रायव्हर आरशातून पाहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, बैठ जाओ जरा. गाडी मैं चला रहा हूं, आप क्यों चल रहे?"

शेवटी ती गुरुजींकडे मुदत मागायला गेली. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत गेली. पण तिनं तोंड उघडायच्या आधी गुरुजींनी खुर्ची पुढे केली. गुरुजी मराठीचे मास्तर. त्यांच्या तोंडून ळ आणि ण असे निघतात, जणू फळ्यावर लिहून दाखवतात.

"बसा, दिपालीताई. मला सगळे कळले आहे."

ती बसली. "काय कळलं, गुरुजी?"

"बंटीरावांचे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. आमच्या नातवालाही सिकल आहे. म्हणून तर हे घर विकून चाललो, दवाखान्याच्या जवळ राहायला." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पाडव्याचे राहू द्या. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, थांबतो मी. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले. आणि हॉलमधला कूलर इथेच ठेवून जाईन. ह्या आजारात ऊन बाधते. पाणी भरपूर प्यायला लावा त्यांना."

बीट, डाळिंबं, शेवगा, लाडू, सगळं दिपालीच्या डोक्यात एका झटक्यात जागेवर बसलं. तिनं तोंड उघडलं. गुरुजींनी पाण्याचा गिलास पुढे केला. ती पाणी प्याली आणि "येतो गुरुजी" म्हणून बाहेर पडली.

तिनं हे तेव्हा दोघांनाच सांगितलं. जलालभाई म्हणाले, "अपन ने बोला क्या? नई ना. उनों ने सुना. उनका कान, उनका काम." बंटीला तर मजाच वाटली. स्टँडवरचे लोक त्याला आजकाल चहाचे पैसे का देऊ देत नाहीत, हे त्याला आत्ता कळलं.

"राहू दे नं आखाजीपर्यंत," तो म्हणाला. "पाहिजे तं मी थोडा खोकून देतो."

"सिकलमध्ये खोकत नाही."

"मंग काय करते?"

"हाडं दुखते. लेकरं रातभर रडते. गुरुजीच्या नातवाचं सांगत होते लोक." ती पुन्हा चालायला लागली. "चूप बसा तुम्ही."

त्या दिवसांत ती तिकिटं काढताना कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. भागीरथाबाईनं बीट दिलं की पैसे द्यायला जायची आणि म्हातारी रागवायची. घर डोळ्यांसमोर होतं. तळमजला होता. आखाजीपर्यंत गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं, आणि ती कधी गप्प बसलेली नव्हती. खरं सांगावं तर गुरुजी दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत बोलावतील. न सांगावं तर म्हातारा तिच्यापायी इथं अडकून पडला आहे आणि त्याचा नातू तिकडे.

मग गुरुजींचा फोन आला. गाडी आर्णीच्या स्टँडवर उभी होती.

"दिपालीताई, आनंदाची बातमी. नागपूरला आमच्या नातवाचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे बुधवारी बंटीरावांचा नंबर लावला आहे. फार ओळख काढावी लागली. तिथे महिना महिना नंबर मिळत नाही हो. लांबून लांबून लेकरे येतात."

"हाव गुरुजी," दिपाली म्हणाली. फोन ठेवल्यावर ती घंटी द्यायला विसरली. जलालभाईंनी स्वतःच हॉर्न वाजवून गाडी काढली.

मंगळवारी गुरुजी गाडीत होते, नागपूरला निघालेले. पुढून दुसरी सीट, मांडीवर पिशवी. उमरखेडपासून आर्णीपर्यंत दिपाली त्यांच्या सीटपर्यंत आली आणि मागं फिरली, आली आणि फिरली. आर्णीला भागीरथाबाई टोपल्यांसकट चढली, कॉलेजची पोरं चढली. गाडी भरली. आर्णी सुटल्यावर थोड्या अंतरावर, जिथं कोणताच थांबा नाही, तिथं दिपालीनं घंटी एकदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा.

जलालभाईंनी गाडी बाजूला घेतली. "कौन उतर रहा?"

"कोणी नाही. इंजिन बंद करा."

इंजिन बंद झालं. काचा गप्प झाल्या. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं, "पंचर झाली काय?"

दिपाली दांडा धरून गुरुजींसमोर उभी राहिली. "गुरुजी, यायले सिकल नाही."

"काय म्हणालात?"

"आमच्या घरच्यायले सिकल नाही. कोणाले नाही. सिबिल खराब होतं त्यायचं. बँकेचं सिबिल. लोकायनं सिकल ऐकलं."

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. "सिबिल हा कोणता आजार?"

"आजार नाही, गुरुजी. उधारीचे मार्क असते. कर्ज पुरं नाही फेडलं का कमी होते."

"म्हणजे बंटीराव ठणठणीत आहेत."

"ठणठणीत हाय. काल दोन भाकरी जास्तच खाल्ल्या."

मागं कोणीतरी हसलं. भागीरथाबाईनं त्याला कोपरखळी मारल्याचा आवाज आला.

"आणि हे तुम्हांला कधीपासून ठाऊक होते?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्ही मुदत देली, त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

दिपालीनं विचार केला असता तर काहीतरी बरं सापडलं असतं. ती म्हणाली, "घर पाहिजे होतं."

गुरुजींनी मान खिडकीकडे वळवली. मग पिशवीतून चष्म्याची डबी काढली, उघडली, परत ठेवली. "गाडी चालू करायला सांगा," ते म्हणाले. "लोकांना उशीर होतो."

दिपालीनं दोन घंट्या दिल्या. यवतमाळला गुरुजी मागं न पाहता उतरले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते जलालभाईंना विचारा. गुरुजींचा फोन नाही. बँकेत प्रोसेसमध्ये. दिपाली चालत होती, गाडीत, स्टँडवर, खोलीत. खालचा घरमालक काठी ठोकून थकला आणि एकदा स्वतःच वर आला, "बाई, काही बिमारी-गिमारी झाली काय?" ती म्हणाली, "भाऊ, तो शब्दच नका काढू."

मग एका सकाळी गुरुजी उमरखेडच्या स्टँडवर उभे दिसले. गाडी लागायला वेळ होता. दिपाली त्यांच्याकडे गेली.

"तो नंबर पुसदच्या एका मुलीला देऊन टाकला," गुरुजी म्हणाले. "फार लहान आहे."

"बरं केलं, गुरुजी."

"त्या गिऱ्हाइकाला मी तुमच्यासाठी परत पाठवले. आता त्याने दुसरे घर पाहिले आहे. मी आखाजी म्हटली होती. आखाजीच. त्यानंतर एक दिवस थांबणार नाही. आणि कूलर मी घेऊन जाणार."

"घेऊन जा."

"तो आजारी माणसासाठी ठेवला होता."

"हाव, गुरुजी."

"त्याचा स्टँडही नेणार."

"न्या नं."

गुरुजी दोन पावलं गेले आणि परत वळले. "बेसिनचा आरसा राहू देतो. तो भिंतीतच बसवला आहे."

सिबिलमध्ये क्लोज्ड दिसायला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागले. आखाजी अगदी तोंडावर आली असताना साहेबांचा स्वतःहून फोन आला आणि पहिल्यांदाच ते 'बेसिकली' म्हणाले नाहीत. व्याज थोडं जास्त लागलं. रजिस्ट्रीला बंटी इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोटो काढताना डोळे मिटले म्हणून त्याचा फोटो पुन्हा काढावा लागला. कागदावर दोन नावं आली, आधी तिचं, मग त्याचं. आता ते तिथं राहतात. कूलर नाही. उमरखेडच्या उन्हाळ्यात, जमिनीवर ओलं पोतं टाकून, मालकीण पहाटे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते आणि खालून कोणी ठोकत नाही. मालक उशी कानावर घेऊन झोपतो.

ह्यात एक पैजही लागली होती, तिचं सांगायचं राहिलं. हे लिहिणारी आर्णीहून रोज ह्याच गाडीनं यवतमाळच्या कॉलेजात जाते, आणि पोरं म्हणतील त्याचा आवाज काढून दाखवते. गुरुजींचा तो नंबराचा फोन आला तेव्हा ती दिपालीच्या मागंच उभी होती. दुसऱ्या दिवशी दिपालीनं तिच्यापाशी थांबून सिकल-सिबिलचं सगळं सांगितलं.

"पोरी, तू गुरुजीचा आवाज काढतं नं? खरं कळलं तं काय म्हणन ते? त्यायच्या आवाजात सांग."

हे लिहिणारीनं मान ताठ केली आणि सगळे ळ, ण जागेवर बसवून म्हटलं, "हा व्यवहार रद्द झाला असे समजावे." मग स्वतःच्या आवाजात म्हटलं, "पण मॅडम, तुम्ही सांगसानच नाही."

"काहून?"

"घर जाईन नं."

"लाव पैज."

पैज आर्णीच्या स्टँडवरच्या उसाच्या रसाची लागली. सोमवारपर्यंत हे लिहिणारी जिंकत होती. मंगळवारी ती एक घंटी वाजली. रजिस्ट्री झाल्यावर दिपालीनं पैज वसूल केली, गाडी स्टँडवर उभी असताना. एक गिलास उभ्यानंच प्याली आणि रसवाल्याला सांगितलं, आणखी एक पिशवीत बांध, बंटीसाठी. पैजेत एकच गिलास ठरला होता, असं हे लिहिणारीनं म्हणून पाहिलं.

"घर दोघायच्या नावावर हाय," दिपाली म्हणाली. "रस एकाच्या कसा राहीन?"